लांबी भरून मिळेल

डेंटिंग-पेंटिंगच्या कुठल्याही दुकानात जा, पत्र्यावरच्या भेगेवर पहिला सल्ला एकच मिळतो : लांबी भरून टाकू. लांबी म्हणजे पुट्टी. पॉलिएस्टरच्या लगद्यात हार्डनर कालवायचा, पात्याने ओढायचा, वाळला की पॉलिश पेपरने घासायचा, वर प्रायमर आणि रंग. संध्याकाळपर्यंत भेग दिसेनाशी होते. माझं म्हणणं असं आहे की आवाजाच्या कंपनांनी गाडीच्या पत्र्याला तडा गेला असेल, तर तिथं लांबी भरणं ही दुरुस्ती नाही, फसवणूक आहे. आणि ती दुकानदार एकटा करत नाही. आपण पैसे देऊन ती करून घेतो. हे मी काठावर उभा राहून सांगत नाही. मी स्वतः दोनदा पैसे मोजले आहेत.

गाडी बाबांची. कराडला घेतलेली, तेव्हा सहा वर्षं जुनी झालेली सेदान. मला नोकरी लागली तशी ती माझ्याबरोबर पुण्याला आली. दुसऱ्या पगारात मी डिकीत बारा इंची सबवूफर बसवून घेतला. सामानाची जागा जाऊ नये म्हणून ऑडिओवाल्याने सबवूफरचं खोकं डिकीच्या तळाशी न ठेवता वरच्या पत्र्याला खालून बोल्टने टांगलं. वरचा पत्रा म्हणजे मागच्या काचेखालचा तो आडवा पत्रा, ज्याच्यावर कार्पेट असतं आणि लोक टिश्यूचा डबा, उशी किंवा छोटा गणपती ठेवतात. मला ती युक्ती फार आवडली. खाली दोन बॅगा सहज मावत होत्या. मी कॉम्प्युटरचा इंजिनिअर, पण पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग मेकॅनिक्स सगळ्यांनाच असतं. तेव्हा 'मला काय कळतंय त्यातलं' ही सबब माझ्याकडे नाही.

दीड वर्षाने मागून एक चरचर ऐकू यायला लागली. ऑडिओवाला म्हणाला, "ट्रिम ढिली झाली असेल, दादा." त्याने कार्पेटखाली स्पंजच्या पट्ट्या कोंबल्या. चरचर महिनाभर गेली आणि परत आली. मग एका रविवारी मी डिकीत निम्मा शिरलो आणि मित्राला मागच्या सीटवरून कार्पेट उचलून मोबाईलचा टॉर्च मारायला सांगितलं. अंधारात वरून एक बारीक, वाकडी, उजेडाची रेघ दिसली. अकरा सेंटिमीटर. तिच्या कडेला कोकोसारखी तपकिरी भुकटी साठलेली. तड्याच्या दोन कडा एकमेकींवर घासतात, त्यातून पोलादाची बारीक पूड निघते आणि ती गंजते. ती भुकटी दिसली की समजावं, तडा अजून चालू आहे. याचं एक टोक खोक्याच्या बोल्टाच्या भोकात होतं. दुसरं मागच्या सीटबेल्टच्या बोल्टाच्या दिशेने निघालेलं. काही सेदान गाड्यांत मागच्या बेल्टची गुंडाळी याच पत्र्यावर बसवलेली असते. आमच्या गाडीत ती तिथंच होती. मध्ये चार सेंटिमीटर अंतर उरलं होतं.

दुसरा, लहान तडा डिकीच्या झाकणात होता, नंबर प्लेटच्या स्क्रूपाशी.

आता हिशोब. तो कुठल्याही दुकानात कुणी मांडून दाखवत नाही, म्हणून इथं मांडतो.

सबवूफर साधारण २० ते ८० हर्ट्झच्या पट्ट्यात काम करतो. ४० हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला ४० वेळा पुढे-मागे होतो. मिनिटाला २,४००, तासाला १,४४,००० वेळा. मी रोज ऑफिसला जाता-येता दीड तास गाडीत असायचो. त्यातला एक तृतीयांश वेळच खरा बेस चालू होता असं धरू, म्हणजे रोजचा अर्धा तास, ७२,००० आवर्तनं. या हिशोबाने १३९ दिवसांत एक कोटी होतात. महिन्याचे बावीस कामाचे दिवस धरले तर साडेसहा महिने पुरतात. शनिवार-रविवारच्या कराडच्या फेऱ्या यात धरलेल्याच नाहीत.

आणि जोर किती? बारा इंची सबवूफरच्या हलत्या भागाचं वजन १५० ग्रॅम आणि त्याची धाव दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर धरली, तर ४० हर्ट्झला तो पडदा हलवायला सुमारे ९५ न्यूटन जोर लागतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने तेवढाच जोर उलट दिशेने खोक्यावर येतो. आमचं खोकं पत्र्याला टांगलेलं. म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या पत्र्याला चार बोल्टांवाटे साडेनऊ किलोचा धक्का वर, मग तेवढाच खाली, सेकंदाला ४० वेळा. खोक्याचं स्वतःचं वजन वेगळं, आणि खड्ड्यांत ते आदळत होतं ते वेगळं. साडेनऊ किलो एकदा टांगले तर त्या पत्र्याला काहीही होत नाही. कोटी वेळा ओढले आणि ढकलले तर होतं.

ही गोष्ट काही नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर प्रशियात आउगुस्ट व्योलर या रेल्वे इंजिनिअरने आगगाडीच्या आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. एका झटक्यात कधीच मोडणार नाही असा आस त्याहून बऱ्याच कमी जोराने, पण लाखो वेळा वाकवला की मोडतो, हे त्याने दाखवलं. यालाच धातूचा थकवा म्हणतात. पोलादाची एक चांगली गोष्टही त्यातूनच कळली. ताण एका मर्यादेच्या खाली ठेवला, तर साधं पोलाद जवळजवळ कितीही आवर्तनं सोसतं. दहा लाख ते एक कोटी आवर्तनांत जे मोडत नाही, ते सहसा पुढेही मोडत नाही. पण ही सवलत गुळगुळीत, अखंड तुकड्याला. त्याला भोक पाडा, गंजू द्या, त्यावर वेल्डिंग करा, ती मर्यादा घसरते. ताणलेल्या पत्र्यात गोल भोक असेल तर भोकाच्या काठावर ताण तिप्पट होतो, हे गणित १८९८ पासून पुस्तकात आहे. ऑडिओवाल्याने चार भोकं पाडली होती. तडा त्यातल्याच एकातून निघाला.

हे सगळं सांगितलं की ठरलेलं वाक्य येतं : "आजकालचा पत्राच पातळ हो. जुन्या गाड्या बघा, रणगाडे होते." हे वाक्य सगळ्यांना सोयीचं आहे. ऑडिओवाला सुटतो, गॅरेजवाला सुटतो, गाडीचा मालक तर सुटतोच. त्यातलं अर्धं खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. सपाट पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. एक मिलिमीटरचा पत्रा ०.७ वर आणला की ताठपणा जवळपास एक तृतीयांश उरतो. पण गाडी बनवणारा हे जाणतो. म्हणूनच तो पत्र्यात उंचवटे, वळणं, पन्हळी काढतो. गोठ्यावरचा पन्हळी पत्रा माणसाचं वजन पेलतो, तोच सपाट करून टाकला तर माणूस खाली येईल. आमच्या गाडीतल्या त्या आडव्या पत्र्यावर अशा चार पन्हळी होत्या. ऑडिओवाल्याला बोल्ट बसवायला सपाट जागा हवी होती, म्हणून त्याने नेमकी दोन पन्हळींमधली सर्वांत मऊ जागा निवडली. पत्रा पातळ होता हे खरं, पण तो स्पीकरचं खोकं टांगायला बनवलेला नव्हता हे जास्त खरं. स्वयंपाकघरातल्या फळीवर उभं राहून फळी मोडली, तर सुताराला शिव्या देता येत नाहीत.

दुसरी सोयीची गोष्ट मोजमापाची, आणि यात मी स्वतः फसलो. आवाज जास्त आहे का, हे बघायला मी मोबाईलवर डेसिबलचं ॲप घेतलं होतं. ते ८५-८८ दाखवायचं. एवढं तर गर्दीच्या रस्त्यावरही असतं, असं म्हणून मी गप्प बसलो. ही ॲप बहुधा डीबी(ए)मध्ये मोजतात. त्यातला 'ए' म्हणजे माणसाच्या कानाची नक्कल करणारी चाळणी. आपला कान खालच्या सुरांना मंद असतो, म्हणून ही चाळणी ते सूर वजा करते, आणि ४० हर्ट्झला जवळजवळ ३५ डेसिबल वजा करते. म्हणजे ॲपवर ८५ दिसले, तर गाडीतला खरा दाब १२० च्या घरात असू शकतो. कानाला कमी ऐकू येतं म्हणून पत्र्याला कमी बसतं असं नाही. पत्र्याकडे चाळणी नसते. आपल्याकडचे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियमही डीबी(ए)मध्येच आहेत : निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. शेजाऱ्याच्या खिडकीची तावदानं थरथरतात आणि मीटर त्या मानाने फारच कमी आकडा दाखवतो, त्याचं एक कारण हे आहे. आकडा खोटा नसतो. तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर असतो.

तर, दुरुस्त्या.

पहिली दुरुस्ती लांबीची. पुण्यातल्या एका दुकानात तड्यावर तंतू घातलेली लांबी भरली, वर काळा रबरी लेप मारला, पैसे घेतले. सतराव्या दिवशी डिकी उघडली तर लांबीचा अख्खा पापुद्रा बॅगेवर पडलेला. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "गाणी जरा हळू लावा ना साहेब." हा सल्ला बरोबर होता, फक्त तो पैसे घेण्याआधी द्यायला हवा होता. लांबीचं काम पृष्ठभाग सारखा करणं. जोर पत्र्याच्या या काठावरून त्या काठावर नेणं तिला जमत नाही. पत्रा हलत राहतो, ती कडक, ती सुटते. सुटली तर नशीब म्हणायचं. न सुटता वर टिकून राहिली असती, तर खाली तडा वाढत गेला असता आणि मला दिसला नसता.

दुसरी दुरुस्ती वेल्डिंगची. रस्त्याकडेच्या वर्कशॉपमध्ये तड्यावर सलग वेल्डिंग ओढलं आणि वरून चौकोनी ठिगळ चारी बाजूंनी वेल्ड केलं. बघायला दणकट. चार महिन्यांनी ठिगळाच्या दोन कोपऱ्यांतून दोन नवे तडे निघाले. पातळ पत्र्यावर सलग वेल्डिंग ओढलं की उष्णतेने पत्रा वेडावाकडा होतो आणि वेल्डिंगच्या कडेला ताण अडकून राहतो. वेल्डिंगची कड ही स्वतःच एक खाच असते. शिवाय दुप्पट जाडीचं ठिगळ जिथं संपतं तिथं ताठ पत्रा एकदम मऊ होतो, आणि सगळं वाकणं त्या रेषेवर येतं. कोपरा टोकदार असेल तर तिथंच पहिलं फाटतं. १९५४ साली कॉमेट जातीची दोन प्रवासी विमानं भूमध्य समुद्रावर हवेत फुटली. फार्नबरोच्या तपासणीत अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्यात दाब पुन्हा पुन्हा भरला आणि सोडला, तेव्हा तडे विमानाच्या पातळ कवचातल्या खिडक्या-झरोक्यांच्या कोपऱ्यांपासून निघाले. भोकाचा कोपरा काय करतो, हे जगाला तेव्हापासून माहीत आहे. हायवेकडेच्या वर्कशॉपला माहीत नसेल तर मी समजू शकतो. पण ते करून घेणारा मी इंजिनिअर होतो आणि मी विचारलंही नाही.

या दोन्हींच्या मध्ये मला डॅम्पिंग शीट विकण्याचाही प्रयत्न झाला : ब्युटाइल रबराचा चिकट थर, वर ॲल्युमिनियमची पातळ चकाकती बाजू. "हे लावलं की पत्रा मरतो," असं दुकानदार बोटाने टकटक करून दाखवतो, आणि टकटकीचा आवाज खरंच बदलतो. चीज वाईट नाही. पत्रा स्वतःच्या सुरात झणझणतो ते ती थांबवते, आणि तो सूर सहसा सबवूफरच्या पट्ट्याच्या बराच वर असतो. ४० हर्ट्झला पत्रा झणझणत नाही, तो सरळ ढकलला जातो. ढकलण्याला उत्तर ताठपणाचं, किंवा मुळात न ढकलण्याचं. तड्यावर असं शीट चिकटवलं तर एकच गोष्ट नक्की होते : तडा झाकला जातो.

झाकण्यावरून पुढची गोष्ट. दुसरी दुरुस्ती फसल्यावर मी वैतागून गाडी विकायची ठरवली. जुन्या गाड्यांचा एक एजंट आला. त्याने कार्पेट उचललं, तडे बघितले, परत नीट बसवलं आणि अगदी आपुलकीने म्हणाला, "साहेब, हे मला दाखवलंत ते दाखवलंत, आता कुणाला दाखवू नका. लांबी भरा, काळा मारा, वर कार्पेट येतंच. गिऱ्हाईक इंजिन बघतं, टायर बघतं. इथं कोण डोकावतंय?"

त्याचं बरोबर होतं. कुणीच डोकावत नाही. पीयूसीवाला धूर मोजतो. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि सरकारी माणूस तिची तंदुरुस्ती बघतो ती त्यानंतर, नोंदणी वाढवताना. म्हणजे पहिली पंधरा वर्षं आमच्या त्या पत्र्याकडे बघायची जबाबदारी फक्त माझ्यावर होती. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर काही आठवडे सगळा देश मागच्या सीटच्या बेल्टबद्दल बोलत होता. मी आईला तेव्हापासूनच बेल्ट लावायला लावत होतो. बेल्टवर अपघातात टनांत मोजावा असा जोर येतो आणि तो शेवटी एका बोल्टावर आणि त्या बोल्टाभोवतीच्या पत्र्यावर येतो. आमचा पत्रा त्या बोल्टापासून चार सेंटिमीटरवर फाटलेला होता. एजंट मला जे सुचवत होता त्याचा अर्थ असा, की ती जागा काळ्या रंगाने झाकायची आणि तिथं दुसऱ्या कुणाची तरी आई बसवायची.

मला राग एजंटचा आला नाही. राग याचा आला की मी त्याला "बघू" म्हणालो, आणि दोन दिवस खरोखर विचार करत होतो.

तिसऱ्यांदा मी गाडी कराडला नेली. तिथं बाबांच्या ओळखीचे एक डेंटर आहेत, साठीच्या पुढचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी आधी सबवूफर काढायला लावला. मग कार्पेट, मग सीट. वाकून आडवा पत्रा बघितला, बेल्टच्या बोल्टावर बोट ठेवलं, तड्याच्या टोकावर ठेवलं, आणि म्हणाले, "ह्यो माझ्याकडं नगं."

"का मामा?"

"हितं पट्ट्याचा बोल्ट हाय. मी टाका मारीन, दिसायला झ्याक दिसंल. उद्या तुटला तर? पत्राच बदल. कंपनीचा आण, न् त्यांच्याच माणसांकडनं बसवून घे."

मी म्हणालो, खर्च फार येईल. मामांनी सबवूफरकडे बघितलं. "ह्याला किती घातलंस?" मी आकडा सांगितला. त्यावर ते काहीच बोलले नाहीत.

मोठ्या वर्कशॉपमध्ये काच काढून तो पत्रा बदलला, गाडीच्या मूळ पद्धतीने स्पॉट वेल्डिंग करून. खर्च सबवूफर आणि ॲम्प यांच्या दुपटीहून जास्त आला. या लेखातला सर्वांत महत्त्वाचा तांत्रिक मुद्दा हाच आहे, की काही तडे दुरुस्त करायचे नसतात. बेल्ट, सीट, सस्पेन्शन, दाराच्या बिजागऱ्या यांच्या आसपासचा तडा बुजवून देतो म्हणणारा माणूस कितीही कुशल असला तरी त्याच्या दुकानातून बाहेर पडावं.

डिकीच्या झाकणातला तडा मात्र मामांनी घेतला, आणि तो दिवसभर बघणं हे माझं चार वर्षांच्या डिग्रीनंतरचं शिक्षण होतं. नंबर प्लेट काढली. दोन्ही बाजूंनी बोटभर रंग खरवडला. फडक्याने रॉकेल लावलं, पुसून कोरडं केलं आणि वर खडू चोळला. थोड्या वेळाने तड्यात शिरलेलं रॉकेल खडूत उमटलं, आणि डोळ्याला तडा जिथं संपत होता त्याच्या अर्धा सेंटिमीटर पुढे रेघ गेली. "खरं टोक हितं," मामा म्हणाले. त्या टोकाच्या जरा पुढे त्यांनी तीन मिलिमीटरचं भोक पाडलं. आधी भोकांना शिव्या दिल्या होत्या, तर इथं एक भोक चांगलं कसं? कारण तड्याचं टोक सुईसारखं असतं आणि तिथला ताण गोल भोकाच्या तिपटीहून कितीतरी जास्त असतो. सुईच्या जागी गोल कड आली की तडा तिथं अडतो. मग सगळं थिनरने धुऊन, वाळवून, बॅटरीची तार काढून, सीओटूच्या गनने एक टाका इथं, एक टाका तिकडं. प्रत्येक टाक्यानंतर हाताने पत्रा बघायचा, गार झाला की पुढचा. भोकही भरलं. टाके घासून पत्र्याच्या पातळीत आणले. आतून त्याच जाडीचा, कोपरे गोल केलेला तुकडा लावला, तो वेल्ड न करता पत्र्याच्या ॲधेसिव्हने चिकटवला, म्हणजे कडेला नवी खाच नाही. जस्ताचं प्रायमर. नंबर प्लेटखाली रबरी वॉशर, कारण प्लेट पत्र्यावर आपटत होती आणि तडा तिथून आला होता. आणि सगळ्यांत शेवटी, रंगाआधी, मामांनी लांबी घेतली. पोस्टकार्डाएवढा पातळ थर.

म्हणजे माझं भांडण लांबीशी नाही. तिचा नंबर शेवटचा आहे आणि आपण तो पहिला लावतो, याच्याशी आहे.

इथवर वाचून काही सज्जन मान डोलावत असतील, की बघा, आम्ही म्हणतच होतो, हे धडधड वाजवणारे असेच. त्यांच्याशीही माझं जमत नाही. मी कॉलेजात तीन वर्षं ढोल पथकात वाजवलं आहे. छातीच्या पिंजऱ्यात उतरणारा खालचा सूर काय असतो ते मला माहीत आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. पण पथकात ढोलाचं पान फाटलं तर त्यावर कुणी ठिगळ लावत नाही. पान बदलतात, दोरी परत ओढतात, आणि ज्याच्या हातून फाटलं त्याला विचारतात, कुठं मारत होतास? तिथं आवाजाची हौस आहे आणि आवाजाची जबाबदारीही आहे. गाडीतल्या बेसच्या धंद्यात हौसेची किंमत लावून विकतात आणि जबाबदारीचं नावच निघत नाही. आवाजाच्या स्पर्धांसाठी गाड्या बांधणारे अमेरिकेतले हौशी लोक पत्र्याला पोलादी टेकू देतात, काही तर काँक्रीटही ओततात. तो वेडेपणा असेल, पण जोर कुठं जाणार हे त्यांनी आधी बघितलेलं असतं.

आणि हे फक्त गॅरेजपुरतं आहे असंही नाही. माझ्या ऑफिसात एक सर्व्हर आहे, त्याची मेमरी हळूहळू भरत जाते. का भरते ते कुणी शोधलेलं नाही. त्यावर उपाय म्हणून तो रोज पहाटे तीन वाजता आपोआप रिस्टार्ट होतो. ही ओळ दोन वर्षांपूर्वी मी लिहिली आणि त्याबद्दल मला शाबासकी मिळाली. ज्या वर्षी मी पत्र्यात लांबी भरून घेत होतो, त्याच वर्षी मी सर्व्हरमध्येही ती भरत होतो. आमच्याकडे तिला हॉटफिक्स म्हणतात. कराडहून परत आल्यावर मी ती तक्रार पुन्हा उघडली. काम अजून चालू आहे आणि या वेळी शाबासकी कुणी दिलेली नाही.

गाडी विकली नाही. सबवूफर आता डिकीच्या तळाशी, जिथं खाली आडवी बळकट पट्टी आहे तिथं, जाड रबरावर, पट्ट्यांनी आवळून ठेवला आहे. ॲम्पवरचा सबसॉनिक फिल्टर चालू केला, म्हणजे ऐकू न येता पडदा नुसता धावतो ते खालचे सूर बंद. एक बॅग कमी मावते. दर दोन महिन्यांनी मी कार्पेट उचलून टॉर्च मारतो. आई मागे बसते तेव्हा बेल्ट लावते आणि विचारते, "आता नीट आहे ना रे?" तिला हो म्हणताना मला आता थांबावं लागत नाही.

तुमच्या गाडीत चरचर सुरू झाली, तर दुरुस्ती करणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. तडा कुठून सुरू झाला? त्याचं खरं टोक कुठं आहे? आणि ज्या जोराने तो फाटला, तो जोर थांबवायला तुम्ही काय करणार आहात? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तो शोधून देईल. तिसऱ्याला जर "लांबी" असं उत्तर आलं, तर गाडी चालू करा आणि निघा.